बाल्कनीखालचा हशा

तीन मुरलेले स्टँड-अप कलाकार आणि एक निवेदक एका प्रयोगात आले की पहिला प्रश्न वेळेचा असतो. निवेदकाची ८ मिनिटं, पहिला सेट ३०, जोडणीची २, दुसरा सेट ३०, मध्यंतर १५, पुन्हा निवेदकाची ५, तिसरा सेट ३० आणि शेवटी तिघांचं एकत्र १० मिनिटं. कागदावर २ तास १० मिनिटं. प्रत्यक्षात हशा यात धरलेला नसतो. खोलीत घड्याळ लावून ३० मिनिटांत बसवलेला सेट ९०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात सहज ३४-३५ वर जातो, कारण मोठ्या हॉलमधला हशा पुढून उठतो, मागे पोचतो आणि सावकाश ओसरतो. जाणता कलाकार तो ओसरेपर्यंत पुढचं वाक्य टाकत नाही. म्हणून आमचा रंगमंच व्यवस्थापक ३० मिनिटांच्या जागेसाठी २६ मिनिटांचाच मजकूर मागतो. त्या दिवशीही त्याने तेच सांगितलं होतं. माझ्याकडे ध्वनी होता.

दुपारी तिघं, म्हणजे दोन सर आणि ताई, एकत्र बसले आणि प्रत्येकाने आपले विषय नुसते वाचून दाखवले. एकत्र प्रयोगात ही अर्ध्या तासाची बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिघांकडेही गुडघेदुखी निघाली. साठीच्या आसपासचे कलाकार म्हटल्यावर ती निघणारच. ताईंनी आपला गुडघा ठेवला, पहिल्या सरांनी त्यांचा काढून टाकला. तिसऱ्या सरांनी काय करावं? आपला सगळा भाग रद्द केला आणि ताईंच्या गोष्टीतला एकच शब्द स्वतःच्या सेटच्या शेवटी आणायचं ठरवलं. आधीच्या कलाकाराचा धागा असा परत उचलला की प्रेक्षकांना तीन वेगळे कार्यक्रम न वाटता एक प्रयोग वाटतो.

क्रम ज्येष्ठतेवर ठरला नाही, हे फार बरं झालं. ताई हळू आवाजात, लांब गोष्ट सांगतात. मध्यंतरानंतरची पहिली पाच मिनिटं लोक जागेवर परतत असतात, मोबाइलचे पडदे उजळलेले असतात. तिथे हळू आवाज मारला जातो. म्हणून त्या दुसऱ्या, आणि अंगविक्षेपांवर चालणारे तिसरे सर शेवटी.

ध्वनिचाचणीत तिघांच्या तीन तऱ्हा. पहिले सर माइक ओठांना टेकवून बोलतात. एवढ्या जवळून खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटका बसतो, म्हणून त्यांच्या चॅनेलवर १२० हर्ट्झच्या खालचं कापलं. ताई माइक छातीशी धरतात. माइकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलनी उतरते. ती भरून काढायला गेन, म्हणजे माइकच्या आवाजाला दिलेला जोर, वाढवावा लागतो, आणि गेन वाढवला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी शिट्टी जवळ येते. तिसरे सर रंगात आले की माइकची जाळीच मुठीत धरतात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकच्या डोक्यामागे बारीक फटी असतात. मागून येणारा आवाज नाकारण्याचं काम त्यांच्यामुळेच होतं. त्या झाकल्या गेल्या की माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून, लगेच शिट्टी निघते. कलाकाराला चाळीस वर्षांची सवय सोडायला सांगण्यात अर्थ नसतो. मी त्यांचा मॉनिटर ४ डेसिबलनी उतरवला आणि ज्या पट्टीत शिट्टी येत होती ती पट्टी कापली.

तिघांना तीन स्वतंत्र माइक, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची टेप. एकच माइक हातोहात फिरवला तर प्रत्येक वेळी सगळी मांडणी बदलावी लागते, आणि पहिलं वाक्य हमखास बिघडतं. सेल अर्धे भरलेले दिसत असले तरी प्रयोगाआधी नवेच घालायचे. विंगेत एक वायरचा माइक जोडून, तपासून ठेवायचा. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणं, हलकं, २:१च्या आसपास. जास्त दाबलं तर कुजबुज आणि ओरडणं एकाच उंचीवर येतात, आणि या लोकांचा अर्धा विनोद त्या दोहोंमधल्या फरकातच असतो.

तिसरी घंटा झाली. हॉल भरलेला, निवेदकाने छान तापवलेला. पहिले सर आले आणि दुसऱ्याच मिनिटाला पुढच्या रांगा कोसळल्या. माझं टेबल खालच्या मजल्याच्या मधोमध, बाल्कनीच्या छपरापासून बरंच पुढे. तिथे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

बाराव्या मिनिटाला सरांनी एका वाक्याआधी नेहमीपेक्षा लांब थांबा घेतला. मग पाणी पिण्याच्या निमित्ताने विंगेकडे सरकले, माइक खाली केला आणि दोन शब्द बोलून परत आले. हेडसेटवर व्यवस्थापकाचा आवाज आला, “दादा, सर म्हणतायत मागचे लोक उशिरा हसतायत. मागे जाऊन ऐक.”

टेबल सहायकाकडे देऊन मी बाल्कनीखाली गेलो. शेवटून तिसऱ्या रांगेत एक आजोबा उजव्या कानामागे हात धरून पुढे झुकून बसले होते. सर ‘दवाखाना’ म्हणाले आणि मला ‘दवाखाना-खाना’ असं ऐकू आलं. पंच, म्हणजे हशा काढणारी जागा, बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटच्या शब्दात असतो, आणि नेमका तोच शब्द डागाळत होता. आजोबांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी कानात काहीतरी सांगितलं, मग ते हसले. तोवर पुढचं वाक्य सुरू झालं होतं.

कारण तिथेच कळलं. बाल्कनीखाली छोटे स्पीकर लावलेले असतात, कारण मंचाच्या स्पीकरचा वरच्या पट्टीचा आवाज त्या छपराखाली नीट शिरत नाही. मंचाच्या स्पीकरपासून ते २२ मीटरवर होते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २२ मीटरला साधारण ६४ मिलिसेकंद लागतात. मागचे स्पीकर तेवढेच उशिरा वाजले पाहिजेत. ते लगेच वाजत होते. मागच्या माणसाला शब्द आधी डोक्यावरून यायचा आणि ६४ मिलिसेकंदांनी मंचावरून पुन्हा. ३०-३५ मिलिसेकंदांच्या आतलं अंतर कान एकच आवाज म्हणून जोडून घेतो. ५०च्या पुढे गेलं की बोलण्यात दुसरा आवाज सुटा ऐकू येऊ लागतो.

दुपारी मी फिरून ऐकलं होतं तेव्हा सगळं बरोबर होतं. नंतर निवेदकाच्या एंट्रीचं संगीत तपासताना मिक्सरमध्ये जुना साठवलेला सीन, म्हणजे सगळ्या मांडणीची जतन केलेली नोंद, उघडला गेला. त्या सीनमध्ये मागच्या स्पीकरचा विलंब शून्य होता, आणि सीन उघडताना आउटपुटच्या नोंदी बदलू नयेत यासाठीचं कुलूप लावलेलं नव्हतं. सीन उघडल्यानंतर पुन्हा एकदा मागे जाऊन ऐकायचं राहिलं. ती चूक माझी.

बोलणं चालू असताना विलंब बदलला तर स्पीकरमधून खटका येतो किंवा स्वर क्षणभर वेडावाकडा होतो. म्हणून टेबलावर येऊन टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या पडताच मागचे स्पीकर बंद, विलंब ७६ मिलिसेकंद, स्पीकर चालू. ६४ हवेच्या प्रवासाचे आणि वर १२ मुद्दाम, कारण मंचावरचा आवाज किंचित आधी पोचला की कानाला बोलणारा माणूस समोरच भासतो, छतात नाही. पुढच्या पंचला बाल्कनीखालून हशा उठला, पुढच्यांच्या बरोबरीने. सरांनी मान वर केली नाही, पण गती लगेच वाढवली.

इतक्या दिव्यांच्या झोतात, पुढच्या चार रांगांपलीकडचं काही दिसत नसताना, नुसत्या हशाच्या उशिरावरून त्यांनी हॉलचा बिघाड ओळखला होता. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

त्यांचा सेट ३६ मिनिटांवर गेला. विंगेत व्यवस्थापक काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, “माझी बसप्रवासाची गोष्ट काढते, सहा मिनिटं सुटतील. पण शेवटच्या गोष्टीत मला घाई करू नका.” पायाशी ठेवलेलं उलट मोजणारं घड्याळ त्यांच्यासाठी २४ वर लावलं आणि त्या २४ मिनिटं १० सेकंदांत बाहेर आल्या. त्या शेवटच्या गोष्टीत त्यांनी आवाज इतका खाली आणला की मी फेडर, म्हणजे त्यांच्या आवाजाची सरकपट्टी, हळूहळू ५ डेसिबल वर नेला, आणि तरी बाल्कनीतून खुर्ची करकरल्याचं ऐकू येत होतं.

तिघांच्या एकत्र भागात वेगळीच कसरत असते. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक सुमारे ३ डेसिबलनी घटते. तीन स्टुलं, तीन माइक, आणि कोण कधी बोलेल याची संहिता नाही. न बोलणाऱ्यांचे फेडर मी १० डेसिबल खाली ठेवतो, पूर्ण बंद करत नाही, नाहीतर उत्स्फूर्त वाक्याचा पहिला शब्द जातो. नजर ओठांवर न ठेवता छातीवर ठेवायची. हे लोक बोलण्याआधी श्वास घेतात, आणि त्या श्वासावर फेडर उचलला की शब्द पूर्ण मिळतो.

शेवटी तिसऱ्या सरांनी ताईंचा गुडघा परत आणला. ब्लॅकआउट, म्हणजे मंचावर एकदम अंधार, शब्दावर द्यायचा नसतो, हशा शिगेला पोचताना द्यायचा असतो. व्यवस्थापकाने हेडसेटवर मला विचारलं, “दादा, मागचे?” पुढचा हशा फुटला होता. मी अर्धा क्षण थांबलो, बाल्कनीखालचा हशा येऊन मिळाला, आणि म्हणालो, “दे.”