तुम्ही विचारलंत म्हणून: माहीमच्या मातेचं चित्र

मी चित्रकला शिकवते. त्यामुळे मुंबईत माहीमच्या चर्चमधून बुधवारची नोव्हेना, म्हणजे येशूची आई मरिया हिची प्रार्थना, करून आलेलं कुणी भेटलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "ते मातेचं चित्र असं का हो? नाक केवढं लांब, बोटं काड्यांसारखी, मागे नुसतं सोनं. काढणाऱ्याला नीट येत नव्हतं का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

येत होतं. दोन्ही तऱ्हांनी येत होतं.

माहीमला १९४८ पासून ही नोव्हेना चालते. तिथल्या चित्राचं मूळ रोममध्ये संत आल्फान्सोच्या चर्चमध्ये आहे, आणि ते क्रीट बेटावरच्या चित्रपरंपरेतलं आहे. क्रीट तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं, १३व्या शतकाच्या सुरुवातीपासून थेट १६६९पर्यंत. १४५३ मध्ये कॉन्स्टंटिनोपल तुर्कांनी घेतलं, पण तिथली ग्रीक ख्रिस्ती, म्हणजे बायझंटाइन, चित्रकला क्रीटच्या कॅन्डिया शहरात जोमाने चालूच राहिली. तिथे चित्रकारांच्या दारात ग्रीक ऑर्थोडॉक्स मठही येत आणि व्हेनिसचे व्यापारीही.

१४९९ सालचा एक करारनामा मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. दोन व्यापाऱ्यांनी कॅन्डियाच्या तीन चित्रकारांकडे मरियेची ७०० चित्रं मागितली: ५०० लॅटिन, म्हणजे इटलीकडच्या कॅथलिक पद्धतीची, २०० ग्रीक ऑर्थोडॉक्स पद्धतीची. हात तेच. ज्यांना इटालियन वळणाचे घोळदार पदर आणि गोबरी बाळं काढता येत होती, त्यांनीच ही लांब नाकं काढली. लांब नाक ही निवड होती.

ती का केली, हे चित्र घडतं कसं ते पाहिल्यावर कळतं. लाकडी फळीवर कापड, त्यावर पांढऱ्या लेपाचे थर, मग सोन्याचा वर्ख. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. चेहऱ्यावर आधी गडद, शेवाळी तपकिरी रंग भरायचा, आणि त्यावर गेरूचे उजळ थर चढवत शेवटी पांढऱ्याच्या केसासारख्या बारीक रेघा. म्हणजे अंधारातून चेहरा वर आणायचा. खिडकीतून येणारा उजेड इथे नाहीच, म्हणून जमिनीवर सावली नाही. उजेड त्या माणसाचाच असतो. वर्गात मुलांना हे एकदा करून बघायला लावते. सुरुवातीला वैतागतात, पण डोळ्यांखालची शेवटची पांढरी रेघ पडली की वर्ग गप्प होतो.

माहीमच्या चित्रात बाळाने आईचा हात दोन्ही हातांनी धरलाय. देवदूत क्रूस, भाला आणि स्पंजाचा बोळा लावलेली काठी, म्हणजे येशूच्या मरणाच्या वेळच्या वस्तू, घेऊन आलेत. बाळ वळून तिकडे बघतंय, आणि एका पायातलं पायताण बंदाला लोंबकळतंय. माझी आई मला लहानपणी तिथे न्यायची. तिला ग्रीक-लॅटिन काही ठाऊक नव्हतं, पण ती म्हणायची, "दचकलंय गं ते, पळत आलंय आईकडे." यापेक्षा चांगलं वर्णन मला पुस्तकांत मिळालेलं नाही.

याच कॅन्डियात १५४१ मध्ये डोमेनिकोस थिओटोकोपुलोस जन्मला, ज्याला जग एल ग्रेको म्हणतं. तो व्हेनिस, रोम करत स्पेनच्या टोलेडोत स्थिरावला. त्याचं क्रीटमधलं एक चित्र, मरियेचं महानिर्वाण, १९८३ मध्ये सिरोस बेटावरच्या चर्चमध्ये सहीवरून ओळखलं गेलं. त्यात सोन्याची पार्श्वभूमी जुनी, पण माणसांच्या हालचालींत पश्चिमेचं वारं शिरलेलं दिसतं. पुढे टोलेडोतली त्याची लांबच लांब माणसं बघताना मला हे चित्र आठवतंच. लोक त्याच्या लांब चेहऱ्यांची कारणं त्याच्या डोळ्यांच्या दोषात शोधतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅन्डियाकडे बघा की!

सगळ्यांनाच हा मेळ रुचला होता असं नाही. १४३८-३९ मध्ये लॅटिन आणि ग्रीक ही दोन्ही चर्च एक करण्यासाठी इटलीत सभा भरली. तिला गेलेल्या ग्रेगरी मेलिसेनोस या ग्रीक धर्मगुरूने तक्रार केली होती, की लॅटिन चर्चमध्ये एकही संत ओळखू येत नाही. ख्रिस्त ओळखतो, पण त्याचं नाव कसं लिहिलंय ते कळत नाही, म्हणून त्यालाही वंदन करत नाही.

पुढच्या बुधवारी गेलात तर मातेच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं नीट बघा. ती ग्रीक आहेत, 'देवाची माता' या शब्दांची. रोममधल्या लॅटिन चर्चच्या वेदीवरही ती तशीच आहेत.