बारा नोव्हेंबर आणि पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह

आमच्या शाळेत गॅदरिंग डिसेंबरात व्हायचं, स्पोर्ट्स जानेवारीत, पण आम्ही खरी वाट बघायचो ती बारा नोव्हेंबरची, आणि गंमत म्हणजे बारा नोव्हेंबरला शाळा बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीमुळे बंदच असायची. तरी पहाटे सहाला गेटपाशी तीस-चाळीस पोरं जमलेली असायची, कोणाच्या हातात चकलीचा डबा, कोणाच्या खिशात शंकरपाळे, थंडी अशी काही नसायचीच कोकणात पण आईने जबरदस्तीने घातलेले स्वेटर. आणि आमचे सर सायकलवरून यायचे, कॅरिअरला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती मोठी वही, आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाची वही.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली २० जून १९८७ ला गेले आणि त्याच नोव्हेंबरात, त्यांच्या जन्मदिवशी, सरांनी हे सुरू केलं. आमचं गाव अलिबागजवळच्या किहीमपासून सायकलवर अर्ध्या तासावर, त्यामुळे सरांचं म्हणणं असायचं की हा माणूस आपला शेजारी होता, आपण नाही आठवण ठेवायची तर कोणी? ते खरंच होतं. बर्लिनला शिकून १९३० मध्ये सलीम अली परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची गाईड लेक्चररची जागा पैशाअभावी बंद झालेली, हातात काम नाही, म्हणून ते आणि त्यांची बायको तेहमीना किहीमला येऊन राहिले, आणि तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बाकी कोणी अशा वेळी कपाळाला हात लावून बसला असता, हे सुगरणी बघत बसले. पावसाळाभर. आणि त्यातून जो अभ्यास छापून आला तो जगभर वाचला गेला.

सर हे सांगायचे ते वर्गात नाही, शेतातल्या विहिरीवर वाकलेल्या माडाखाली उभं राहून. नोव्हेंबरात घरटी रिकामी असतात, वाळून पिवळी झालेली, वाऱ्यावर हलतात. सर विचारायचे, हे कोणी विणलं? आम्ही सगळे एका सुरात, सुगरणीने! मग सर हसायचे. नाव बाईचं आहे म्हणून सगळ्यांना वाटतं मादी विणते, पण विणतो नर. तो अर्धं घरटं विणून थांबतो, टोपी उलटी टांगल्यासारखं दिसतं ते, मग मादी येते, आत जाते, ओढून-ताणून बघते, पटलं तर राहते आणि मग नर खालची नळी वगैरे पूर्ण करतो. आणि तिने घर घेतलं की हा पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी. किहीमला बसून सलीम अलींनी हे दिवसेंदिवस टिपलं. माडावरच्या अर्धवट टोप्या मोजायचं काम सर आम्हाला द्यायचे, किती पसंत पडली किती नाही याचा हिशोब, आणि आम्ही माना वर करून भांडायचो, ती धरायची की नाही, ती तर वाऱ्याने तुटलीये सर!

पण सरांचं सगळ्यात लाडकं माणूस सलीम अली नव्हते, असं मला आता वाटतं. ते होते झफर फतेहअली. हे नाव फार कमी लोकांना माहीत असतं, पक्षी बघणाऱ्यांनाही. १९ मार्च १९२० चा जन्म, मुंबईचे, आणि लईक फतेहअली त्यांची बायको, त्या सलीम अलींच्या नात्यातल्या आणि त्यांच्याबरोबर पुस्तक लिहिलेल्या. झफरसाहेब व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ, पक्ष्यांचा नाद सलीम अलींच्या सहवासात लागला. पुढे १९६२ पासून अकरा वर्षं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते, १९६९ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचं काम भारतात सुरू झालं त्यातही ते होते. सर मात्र या पदांपाशी फार थांबायचे नाहीत. ते सांगायचे १९५९ सालाचं. त्या वर्षी झफरसाहेबांनी न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स नावाचं एक छोटं मासिक सुरू केलं, त्याच्याभोवती बर्डवॉचर्स फील्ड क्लब ऑफ इंडिया उभा राहिला, आणि ते सुरुवातीला सायक्लोस्टाइल करून वाटायचे. सायक्लोस्टाइल म्हटल्यावर आम्हाला लगेच कळायचं, कारण आमच्या घटक चाचणीचे पेपर तसेच यायचे, शाईचा वास, अक्षरं थोडी पुसट. म्हणजे ते मासिक आमच्या चाचणीच्या पेपरसारखं दिसायचं, एवढ्यानेच ते आम्हाला जवळचं वाटायला लागलं.

सर म्हणायचे, बघा, शास्त्रज्ञांची जर्नल्स होतीच की, पण तिथे कोणाची हिंमत व्हायची लिहायची? सरकारी नोकरीतला माणूस, चहाच्या मळ्यावरचा, कॉलेजातला पोरगा, यांनी अंगणात काय बघितलं ते कुठे सांगायचं? झफरसाहेबांनी ती जागा केली, आणि दशकानुदशकं चालवली. आज फोनवर दोन टॅप करून आपण पक्ष्याची नोंद टाकतो तेव्हा मला कायम ते पुसट शाईचे कागद आठवतात, एकेक नोंद पोस्टाने आलेली असणार, कोणीतरी वाचून, टाइप करून, परत पोस्टाने देशभर पाठवलेली. केवढा पेशन्स लागला असेल.

आमची वही हे त्याचंच पिल्लू होतं. नियम एकच, बघितलंत ते लिहा, नाव आलं नाही तरी लिहा. मी सहावीत होते तेव्हा, १९९४ साल, त्या दिवशी आम्ही विहिरीवरून पुढे समुद्रावर गेलो होतो, वर सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुड बसलेला, सगळे त्याच्या मागे, आणि मी खाली वाळूत बघत राहिले कारण तिथे आठ-दहा पांढरट चिमुकले पक्षी लाट मागे गेली की तिच्यामागे धावत पुढे आणि लाट आली की धावत मागे, पाय दिसायचेच नाहीत इतके भराभर. मी वहीत लिहिलं, पांढरट पक्षी, लाटेशी पकडापकडी खेळतात. मला वाटलं सर ओरडतील की हे काय निबंधासारखं लिहिलंयस. सरांनी शेजारी पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, उत्तम, हे वाक्य खोडू नकोस, यातूनच कळेल. तीन वर्षांनी मुंबईहून एक पक्षीनिरीक्षक पाहुणे आले होते, त्यांनी वही चाळता चाळता ते वाक्य वाचलं आणि लगेच म्हणाले, अरे हे सँडरलिंग! दूर उत्तर ध्रुवाकडे अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्या वाळूवर येतात. सरांनी मला बोलावून घेतलं, मी नववीत होते तेव्हा, आणि प्रश्नचिन्ह माझ्याच हाताने खोडायला लावलं. मी नंतर बऱ्याच परीक्षा पास झाले पण तसं काही वाटलं नाही परत.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये झफरसाहेब गेले. त्या वर्षीच्या बारा नोव्हेंबरला सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत चालवत नव्हतं, तर आम्ही त्यांना खुर्ची नेली. त्यांनी भाषण केलं नाही. वहीतली पहिल्या वर्षाची पानं वाचून दाखवली, एकेक नोंद, लिहिणाऱ्या पोराच्या नावासकट, आता त्यातला कोणी दुबईला, कोणी पोलिसात, एक जण तर गावचा सरपंच झालेला आणि तो समोरच उभा होता, १९८७ ला त्याने लिहिलं होतं, कोतवालाने घारीला हाकललं. ती दोन ओळींची नोंद ऐकून त्याचे डोळे भरून आले होते.

२०२० पासून राज्य सरकारने पक्षी सप्ताह जाहीर केला, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मला फार बरं वाटलं, आमच्या एका दिवसाचा आठवडा झाला. चितमपल्ली आता नाहीत, २०२५ च्या जूनमध्ये गेले, पण पक्ष्यांना मराठी नावं असावीत यासाठी त्यांनी जे केलं त्यामुळे आमची पोरं आज वहीत मराठीत लिहितात.

२०२३ ला बारा नोव्हेंबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं. मंडळात चर्चा झाली की तारीख पुढे ढकलू, मी नाही म्हटलं, आणि उटण्याच्या वासाची सतरा पोरं अभ्यंगस्नान करून आली की! फटाक्यांमुळे सुरुवातीला एक पक्षी दिसेना, मग सातच्या सुमाराला दयाळ बोलायला लागला आणि सगळे एकदम गप्प झाले.

सर आता नाहीत. वही माझ्याकडे असते, तिसरी वही, पहिल्या दोन बाइंड करून शाळेच्या कपाटात ठेवल्यात. पोरं मला ताई म्हणतात आणि नाव विचारतात तेव्हा मला येत असलं तरी मी लगेच सांगत नाही, आधी लिही म्हणते. गेल्या वर्षीच्या पानावर चार प्रश्नचिन्हं अजून तशीच आहेत. त्यातलं एक सहावीतल्या एका मुलीचं, तिने लिहिलंय, विहिरीवरच्या माडावर सुगरण नोव्हेंबरातही विणतोय, बाकी सगळी घरटी रिकामी. विणतोय, असंच लिहिलंय तिने. मला वाटतं पाऊस लांबला म्हणून असेल, गवत हिरवं राहिलं असेल. पण वाटतं एवढंच, म्हणून यंदा सप्टेंबरपासूनच दर रविवारी त्या विहिरीवर दोघं-दोघं जायचं असं पोरांनी ठरवलंय.