मेथीखालचं पुस्तक

शुक्रवार, रात्री

मंगळवारपासून डोक्यात तेच घोळतंय. आईने विचारलं, "काय गं वाचतेस?" आणि मी पुस्तक मिटलं. नुसतं मिटलं नाही, पालथं घातलं आणि वर मेथीची जुडी ठेवली. म्हणाले, "काही नाही गं, लायब्ररीतलं आहे, असंच." वय वर्षं एकोणपन्नास. दहावीला गाईडच्या आत कादंबरी लपवायचे, त्याच सफाईने.

लपवण्यासारखं त्यात होतं काय? विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. १९३३ सालचा कथासंग्रह. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय टळत चाललेल्या मुलींच्या गोष्टी. गेल्या रविवारी ग्रंथसंग्रहालयात सहज हाताला लागला. (ते १८९३ पासून ठाण्यात आहे आणि मी गेल्या दोन वर्षांत जेमतेम चारदा गेले असेन. वर्गणी मात्र न चुकता भरते.) काही गोष्टी जुन्या वळणाच्या, कथा कमी आणि वाद जास्त. एक-दोन तर मी भराभर उलटल्या. मग एका पानावर शीर्षक आलं, 'बाबांचा संसार माझा कसा होणार?', आणि तिथून पुढे सरकेचना. गोष्ट सुरूही केली नव्हती. नुसतं शीर्षकच वाचत बसले होते. नेमकी तेव्हाच आई आली.

तसं आईला काय वाटणार होतं? ती काही म्हणाली नसती. मग मी कोणाला घाबरले?

रिडेव्हलपमेंटच्या कागदांमुळे असेल. सोसायटीने सगळ्यांकडून नॉमिनेशनचे फॉर्म पुन्हा भरून घेतले. बाबांचा मीच भरला. त्यांचा हात थरथरतो आणि माझं अक्षर चांगलं. नॉमिनीच्या रकान्यात त्यांनी दादाचं नाव सांगितलं, मी लिहिलं. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा एकदा विचारून घेतलं, जसं काही मला माहीत नाही. यात चूक कुणाचीच नाही. दादा मोठा आहे. तो पुण्याला असतो, पण मोठा आहे. जाऊ दे.

पण पुस्तक का मिटलं?

विभावरीबाईंचं समजू शकते. ते टोपणनाव. बाई मूळच्या बाळूताई खरे, पुढे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. पुस्तक आलं तेव्हा तिशीही गाठली नव्हती, मुलींना शिकवायची नोकरी होती आणि लिहिलं तर असं. कोण ही विभावरी, म्हणून केवढा गदारोळ झाला. तिला लपायला कारण होतं. तिने लिहिलं आणि नाव लपवलं. मी लिहिलंही नाही, बसून वाचत होते फक्त, आणि तेवढंही मेथीखाली.

बुधवारी, गुरुवारी फार कीव आली स्वतःची. ऑफिसात डबा खाताना डोळे भरून आले, मिरची लागली म्हणून सांगितलं. खोटं बोलायला लागले की सपाटून बोलते मी.

गोष्ट शेवटी काल गाडीत वाचली. ठाण्याहून सुटणारी गाडी, खिडकी मिळाली होती. काय आहे ते सांगत नाही, शीर्षकात पुरेसं आलंय. एवढंच की भांडुप कधी गेलं कळलं नाही, आणि विक्रोळीला शेजारची बाई "जरा सरका" म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी उभीच राहिली.

आणि आज संध्याकाळी मजा झाली. पुस्तक टेबलावरच राहिलं होतं. लायब्ररीची बांधणी ती, जाड तपकिरी पुठ्ठा, पाठीवर पांढऱ्या शाईत नंबर. वर नाव नाही, चित्र नाही, काही नाही. म्हणजे मंगळवारी मी लपवला तो कोरा पुठ्ठा! न लपवता नुसतं मिटलं असतं तरी आईला काही दिसलं नसतं. माझं मलाच हसू आलं. एकटीच हसत होते, म्हणून आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"कोणाचं आहे गं?"

आता खोटं सुचेना. "विभावरी शिरूरकर."

"मालतीबाईंचं होय," आई म्हणाली आणि आत गेली.

बस. इतकंच. ज्या नावावरून एवढा गदारोळ झाला, ते आईने भाजीत मीठ टाकावं तसं टाकून दिलं. मी तिथेच उभी. हिने वाचलंय? कधी? आमच्या घरात हे पुस्तक कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. लग्नाआधी वाचलं असेल? आणि तीही गोष्ट वाचली असेल? मग परवा फॉर्म भरत होते तेव्हा ती समोर बसून शेंगा सोलत होती, ते...

विचारायला आत गेले. ती माझी मंगळवारची उरलेली मेथी चिरायला घेऊन बसली होती. काही बोलायच्या आत तिने एक काडी उचलून माझ्यासमोर धरली.

"देठं फार ठेवतेस तू," म्हणाली.

मी ताट ओढून घेतलं आणि देठं काढत बसले. पुस्तक रविवारी द्यायचं आहे. वाढवून घेईन म्हणते.