बटर वाकलं पाहिजे

रविवारी पाचव्यांदा घरी पफ पेस्ट्री केली. ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले होते. आठव्या मिनिटाच्या सुमारास चौकोनांच्या कडा हळूहळू वर उचलायला लागल्या आणि बाजूने पापुद्रे एकेक करून सुटे दिसायला लागले. तेवढ्यासाठी चार वेळचं बटर खर्ची पडलं होतं.

चारही वेळा चूक एकच. सगळं गारेगार हवं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बटर फ्रीजरमधून काढून लगेच पिठाच्या पोळीत गुंडाळून लाटायला घ्यायचे. लाटणं फिरलं की बटर आतल्या आत तडकायचं. वरून पोळी अखंड दिसायची, पण बोट फिरवलं की खाली खडे लागायचे. जिथे बटर नाही तिथे मैद्याला मैदा चिकटणारच. मग भाजून हातात यायची ती खुसखुशीत, चवीला बरी, पण जाड वडी. पापुद्रा नाहीच.

आता बटरची लादी फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवते आणि ओट्याच्या कडेवर वाकवून बघते. मोडली तर अजून थांबायचं. बोटाला तूप लागल्यासारखं झालं तर परत आत. न तडकता वाकली की लाटायला घ्यायची. साधारण १५-१६ अंशांना ती तशी होते. पिठाचा गोळाही तितकाच मऊ हवा, म्हणजे लाटण्याखाली दोघं बरोबरीने पसरतात.

हे थर इतके जपायचे कारण बटरमधलं पाणी. साध्या बटरमध्ये ते १६ टक्क्यांच्या आसपास असतं, शिवाय पिठातलं वेगळं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, आणि मध्ये बटरचा थर शाबूत असला तरच ती वाफ वरचा पापुद्रा उचलते. म्हणून यात बेकिंग पावडर लागत नाही.

माझं प्रमाण: २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम मीठ, चमचाभर लिंबाचा रस, मैद्यात चोळायला ३० ग्रॅम बटर आणि साधारण १२५ मिली गार पाणी. आत घालायची लादी २०० ग्रॅमची. गोळा फार मळायचा नाही, नाहीतर लाटलेलं मागे सरकत राहतं. लादी पिठाच्या पोळीत पाकिटासारखी बंद करून लांबट लाटायची, तीन पदरी घडी, मग काटकोनात फिरवून परत तेच. दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीज. सहा घड्या घातल्या तर बटरचे ७२९ थर होतात. मी पाचांवर थांबते. २४३ मला पुरतात, आणि सारणाचं वजन पेलायला हे थर बरे पडतात असं माझं मत.

सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं, याला पर्याय नाही. मी मशरूम घेते. बारीक चिरून, कांद्याबरोबर मोठ्या आचेवर, आधी सुटलेलं पाणी पूर्ण आटून कढईत चुरचुर आवाज यायला लागेपर्यंत परतते. मग मिरपूड, किसलेलं चीज. प्रत्येक चौकोनात चमचाभरच. जास्तीचा मोह होतो, पण मग तळ ओला राहतो.

चौकोन धारदार सुरीने वरून खाली दाबून कापायचे, सुरी ओढायची नाही. वरून दूध किंवा अंडं लावताना कापलेल्या कडेवर ओघळ गेला तर तिथले थर चिकटतात आणि पफ एका अंगाने तिरका फुगतो. मी आता ब्रश जवळजवळ कोरडा करून फिरवते. वर सुरीच्या टोकाने दोन चिरा पाडायच्या, आतल्या वाफेला वाट म्हणून.

२१० अंशांवर २० ते २५ मिनिटं. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. वरचा रंग बघून फसू नका, एक पफ उचलून तळ बघा. तोही तपकिरी हवा.

आठ पफ कच्चेच फ्रीजरमध्ये ठेवलेत, सुटे सुटे. ते तसेच गोठलेले ओव्हनमध्ये जातील, फक्त पाच-सहा मिनिटं जास्त देऊन.