1-4-4 म्हणजे नेमका कुठला पर्स?

काल परत तसाच फोन. आयोवातला एक डुक्करपालक, त्याच्याकडे दोन आठवड्यांपासून डुकरिणी गाभडतायत, जी पिल्लं जन्मतायत तीही तगत नाहीत, आणि लॅबचा रिपोर्ट हातात धरून तो मला विचारतोय की "1-4-4 आलंय, म्हणजे शेजारच्या फार्मवरूनच आला ना?" आणि मला हो म्हणता येईना.

पीआरआरएस हा डुकरांचा व्हायरसमुळे होणारा आजार, इकडे सगळे त्याला पर्सच म्हणतात. तर हे आकडे 1998 सालचे. व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, साधारण पंधरा हजार अक्षरांचा, त्यातला ओआरएफ-5 हा 603 अक्षरांचा एकच जीन घ्यायचा, तीन एन्झाइम त्याला कुठे कुठे कापतात ते बघायचं, प्रत्येकाचा एक आकडा. मूळ काम एवढंच होतं की लसीतला व्हायरस, म्हणजे 2-5-2, फार्मवर फिरणाऱ्या व्हायरसपेक्षा वेगळा ओळखता यावा. पण आकडे लोकांच्या तोंडात बसले ते बसलेच. नेमक्या कापायच्या जागी एक अक्षर बदललं की सख्ख्या भावाला वेगळा नंबर मिळतो, आणि लांबलांबच्या दोन व्हायरसना एकच! 2020 च्या शेवटी मिनेसोटात जो भयानक 1-4-4 पसरला त्याच नंबरचे आधीचे वेगळेच व्हायरस होते, त्यामुळे नुसत्या नंबरवरून काहीच कळत नव्हतं, वंशावळीतला गट, एल1सी, सांगावा लागला. माझ्या मते वंशावळच बघायला हवी, आणि तीही 603 अक्षरांवर अर्धवटच, कारण हे व्हायरस आपापसात जीनोमचे तुकडे अदलाबदल करतात.

वंशावळ किती कामाची ते आपल्याकडेही दिसलं. 2013 मध्ये मिझोराममध्ये डुकरं मेली तेव्हा तिथला व्हायरस चीनमध्ये 2006 ला उसळलेल्या जहाल गटाशी जुळला, युरोपातल्या प्रकाराशी नाही. युरोपातला आणि अमेरिकेतला प्रकार तर इतके लांबचे की आता त्यांना दोन वेगळ्या प्रजाती मानतात, आजार मात्र सारखाच.

त्या माणसाला मी सांगितलं, तुझा आणि शेजाऱ्याचा, दोन्ही सिक्वेन्स, म्हणजे व्हायरसची अक्षरं ओळीने, पाठव, आकडे नकोत. त्याचा आवाज फार थकलेला होता. रात्री शेजाऱ्याची फाइल आली, आता दोन्ही शेजारी शेजारी लावून बघतोय.