बॅडलँड्सचा मुक्काम: एक रात्र चिखलासाठी राखून ठेवा

मिनिआपोलिसहून साउथ डकोटातलं बॅडलँड्स नॅशनल पार्क गाडीने साधारण आठ तासांवर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक असे दोन रात्रींचा बेत करून निघालो आणि तीन रात्री राहून परतलो. तिसरी रात्र पावसाने घडवली. जाणाऱ्यांनी ती आधीच हिशेबात धरावी.

आधी मुक्काम कुठे ते ठरवा. पार्कात कॅम्पग्राउंड दोनच. सीडर पास हे व्हिजिटर सेंटरजवळ आहे. तिथे पैसे भरून बुकिंग करता येतं, पाणी आहे, काही जागांना वीजही आहे. सेज क्रीक फुकट आहे, पण बुकिंग नाही. जो आधी पोचेल त्याची जागा. साधे खड्ड्याचे संडास आणि जेवायला टेबलं, बस. पाण्याचा थेंब नाही. बरोबर तान्हं मूल किंवा आईबाबा असतील तर सीडर पासच घ्या. एरवी मी सेज क्रीकच सांगेन. दुसऱ्या दिवशी पहाटे गवत उपटल्याच्या आवाजाने जाग आली. तंबूच्या कापडापलीकडे बायसन, म्हणजे गव्यासारखा थोराड अमेरिकी रानबैल, चरत होता, त्याचं फुसफुसणं स्पष्ट ऐकू येत होतं. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. तो लांब जाईपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. बायसनपासून निदान 100 यार्ड लांब राहायचा नियम आहे. तोच जवळ आला तर आत थांबा, फोटोसाठी बाहेर पडू नका.

पाणी आम्ही माणशी दिवसाला 4 लिटर धरलं आणि कॅन व्हिजिटर सेंटरलाच भरून घेतले. ते पुरलं, उरलं नाही. शेकोटीला पार्कभर बारा महिने बंदी आहे; गॅसची शेगडी चालते, पण वाऱ्याला आडोसा हवा. पहिल्या संध्याकाळी वाऱ्यामुळे भात शिजेचना, शेवटी घरून आणलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी कामी आली. तंबूबरोबर मिळालेल्या बारीक मेखा तिथल्या टणक जमिनीत वाकतात. जाड पोलादी मेखा आणि हातोडी न्या.

आता चिखल. सेज क्रीकला जाणारा रिम रोड कच्चा आहे. दुसऱ्या रात्री गारांसह पाऊस झाला आणि सकाळी बुटांना किलोकिलोभर चिखल चिकटायला लागला. माझं माहेर परभणीचं, पावसातलं काळं रान मला ओळखीचं. इथल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेलं बेंटोनाइट आहे, आणि त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या काळ्या मातीतही असतं. ओलं झालं की फुगतं, वाळलं की भेगाळतं. त्या रस्त्यावर साधी गाडी घालणं म्हणजे रुतणं, म्हणून आम्ही रस्ता वाळेपर्यंत थांबलो. रजा एक दिवस जास्त टाका आणि जेवणही एका दिवसाचं जास्त घ्या.

पार्कातले झिजलेले डोंगर याच मातीमुळे आहेत, आणि याच मातीमुळे ते झिजतातही, वर्षाला साधारण एक इंच. इथल्या मूळच्या लाकोटा लोकांनी या मुलखाला ‘माको शिचा’ म्हटलं, म्हणजे वाईट भूमी. यलो माउंड्स या पिवळ्या टेकड्यांपाशी मात्र सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरपी असताना थांबाच. तो पिवळा थर मूळचा समुद्राच्या तळाचा गाळ. समुद्र हटल्यावर त्यावर जंगल वाढलं आणि गाळाची माती झाली. लेकीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ खाली बसून शिंपले शोधत होती. जीवाश्म दिसला तर उचलू नका. फोटो काढा, जागा नीट टिपून रेंजरना कळवा. 2010 मध्ये व्हिजिटर सेंटरजवळच एका सात वर्षांच्या मुलीला मांजरासारख्या सुळेदार प्राण्याची कवटी अशीच दिसली होती.

नॉच ट्रेल या पायवाटेवर लाकडी ओंडक्यांची शिडी आहे. उंचीची भीती असेल तर ती टाळा, आणि पावसानंतर तर कुणीच जाऊ नये. डोअर ट्रेल छोटा आहे, मुलांना झेपतो. गवतात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, त्यामुळे घोटे झाकणारे बूट हवेतच.

परतताना महामार्गाला लागण्याआधी चाकांच्या आतला चिखल खरवडून काढा. आम्ही काढला नाही. तो वाळून दगड झाला आणि वेग वाढला तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं.