वेढे जमले, वात जमेना

पहिल्याच दिवशी ई-सिगारेटच्या कॉईलसाठी आणलेली तार मी चार वेळा गुंडाळली, चार वेळा सोडली आणि पाचव्यांदा ती स्क्रूखाली दाबताना कट्‌कन तुटली. दोष तारेचा नव्हता. गेजचा आकडा मोठा म्हणजे तार जाड, असं धरून मी ३२ गेज आणली होती. प्रत्यक्षात आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते. ३२ गेज म्हणजे जेमतेम ०.२ मिमी, स्क्रूची कड लागली की संपलं.

या भानगडीत पडलो त्याला कारण रेडीमेड कॉईल. सिगारेट सोडून ई-सिगारेटवर आलो, तर दर आठ-दहा दिवसांनी कॉईल जळायची आणि नवी घालावी लागायची. एकदा वैतागून जळकी कॉईल पक्कडीने फोडून पाहिली. आत काय, तारेचे पाच-सहा वेढे आणि काळा पडलेला कापूस. कापूस लिक्विड शोषतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते, संपला कारभार. एवढं तर आपल्यालाही जमेल, असं वाटलं. अर्धं खरं होतं ते.

दुसऱ्यांदा २६ गेजची कॅन्थल आणली, ०.४ मिमी जाडीची. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू. तापला की अंगावर ॲल्युमिनियम ऑक्साईडची पातळ साय धरतो आणि त्या सायीमुळेच वारंवार लाल होऊनही टिकतो. दुसरा पर्याय नायक्रोमचा, ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. त्याचं पेटंट १९०६ सालचं, टोस्टरमध्ये लाल होणारी तार याच जातीची. नायक्रोम लवकर तापते, पण कॅन्थल दिलेला आकार धरून ठेवते. शिकाऊ हाताला कॅन्थल बरी.

मग हिशेब. या तारेचा रोध मीटरला साधारण ११ ओहम. ३ मिमीच्या सळईवर गुंडाळली तर एका वेढ्याला ३ नाही, ३.४ गुणिले ३.१४ धरायचं, कारण लांबी तारेच्या मध्यातून मोजायची. म्हणजे वेढ्याला १०.७ मिमी. सहा वेढ्यांचे ६४, दोन्ही पायांचे, म्हणजे स्क्रूपर्यंत जाणाऱ्या टोकांचे, मिळून ९, एकूण ७३ मिमी. रोध आला ०.८ ओहमच्या आसपास. कागदावर हे इतकं सुंदर जुळलं की मी खूश.

गुंडाळणं खरंच सोपं निघालं. तार ताणून धरायची आणि हात न फिरवता सळई फिरवायची, वेढे आपोआप एकमेकांना चिकटून बसतात. खरा त्रास स्क्रूचा. घट्ट करायला लागलं की तो तारेचा पाय स्वतःबरोबर ओढून नेतो आणि सरळ बसवलेली कॉईल डोळ्यांदेखत तिरकी होते. दोन गोष्टी उशिरा कळल्या. पाय स्क्रूच्या अशा बाजूने घ्यायचा की फिरणारा स्क्रू त्याला बाहेर न ढकलता आत ओढेल. आणि दोन्ही स्क्रू पक्के होईपर्यंत सळई कॉईलमधून काढायचीच नाही. मी ती आधी काढत होतो, कारण पेचकस फिरवताना तिची अडचण व्हायची.

मोजायला मल्टिमीटर घेतला, तो म्हणाला १.२ ओहम. हिशेब चुकला म्हणून पुन्हा उलगडून मोजमाप केलं, पुन्हा तेच. शेवटी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या, तर नुसत्या पिनांचेच ०.४ दाखवत होता! मोठ्या रोधात एवढ्याने काही बिघडत नाही, इथे मात्र निम्म्याने फरक पडतो. आता डेकवरच, म्हणजे कॉईल जिथे स्क्रूने बसते त्या तबकडीवरच, बसणारा छोटा ओहममीटर वापरतो. आणि झाकण लावल्यावर पुन्हा एकदा मोजतोच. एकदा जास्तीचा पाय नीट कापलेला नव्हता, तो झाकणाला टेकला आणि ०.८ चा आकडा ०.१ वर आला. माझ्या उपकरणात चिप आहे, तिने शॉर्ट ओळखून बटण बंद केलं.

याच सुमारास माझा या नादातला जुना मित्र म्हणाला, "चिपबिप काय घेऊन बसलायस, मेकॅनिकल घे. वाफ बघ कशी निघते!" मेकॅनिकल म्हणजे चिप नसलेलं उपकरण, सेलची वीज थेट कॉईलला. मी वहीच पुढे केली. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. ०.२ ओहमची कॉईल लावली तर २१ अँपिअर, आणि माझ्यासारखा ०.१ चा घोळ झाला तर ४२. माझा सेल १८६५० आकाराचा, फार तर २० अँपिअर झेपणारा, आणि मेकॅनिकलमध्ये मधे अडवणारं कोणी नाही. तो म्हणाला, "तू फार घाबरतोस." घाबरतो. सेलचं वरचं आवरण जरा जरी फाटलं तरी तो बाजूला काढतो आणि सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवत नाही, डबीतच ठेवतो.

कोरडी कॉईल पहिल्यांदा पेटवायची वेळ मला अजून आवडते. कापूस घालायचा नाही, वॅट कमी ठेवायचे, एक-दोन सेकंद बटण दाबून सोडायचं. माझ्या कॉईलचा उजवा पाय आधी लाल झाला, मग मधलाच एक वेढा एकटा भगभगला, बाकीची तार काळीच. तेव्हा बटण सोडायचं आणि कॉईल गरम असतानाच सिरॅमिकच्या चिमट्याने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायची. पुन्हा बटण, पुन्हा दाब. पाच-सहा फेऱ्यांनंतर लाली मधल्या वेढ्यांत उगवली आणि सारखी दोन्ही टोकांकडे पसरत गेली. वेढे एकमेकांना चिकटलेले असूनही वीज आडवी उडी का मारत नाही, याचं उत्तर त्या ऑक्साईडच्या सायीत आहे. ती धरली की प्रत्येक वेढा शेजाऱ्यापासून वेगळा होतो. (हा प्रकार निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेवर करायचा नाही, त्या कोरड्या लाल करायच्या तारा नव्हेत.)

इथवर एक संध्याकाळ गेली. कापसावर मात्र महिना गेला.

कापूस जास्त तर लिक्विड जास्त धरेल, असा माझा तर्क. ठासून भरला. पहिले दोन झुरके ठीक, तिसऱ्याला घशात जणू कोणी पेटती काडी घातली. खोकून डोळ्यांत पाणी. याला ड्राय हिट म्हणतात. दाबलेल्या कापसातून लिक्विड तारेपर्यंत पोचत नाही, कापूस करपतो आणि लिक्विडमधलं ग्लिसरीन जास्त तापून त्यातून ॲक्रोलिन तयार होतं. घसा जाळणारी वस्तू आहे ती. असा झुरका आला की मी तो कापूस तिथेच फेकतो, वरून लिक्विड ओतून तो सुधारत नाही. घाबरून पुढच्या खेपेला कापूस कमी घातला, तर लिक्विड हवेच्या भोकातून बोटांवर आणि गरम थेंब तडतडत जिभेवर.

तिसऱ्या खेपेला मित्र शेजारी बसला होता. मी कापसाचं टोक नेहमीसारखं बोटांत घेऊन वळायला लागलो.

"अरे, पीळ कशाला देतोयस? दोरखंड करायचाय?"

वात म्हटली की बोटं आपोआप पीळ देतात. ओवण्यापुरतं टोक वळायचं आणि ओवून झालं की ते कापून टाकायचं, आतला कापूस मोकळाच राहिला पाहिजे. ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉईल वाकली नाही पाहिजे. बाहेरची टोकं चिमट्याने विंचरून विरळ करायची आणि लिक्विडच्या खाचेत टेकतील एवढीच ठेवायची, कोंबायची नाहीत. सगळी मेख त्या विरळ करण्यात होती.

आता एक कॉईल दीड-दोन महिने चालते. दर आठवड्याला कापूस काढतो, कोरडी लाल करतो, गार झाल्यावर पाण्याखाली धरून काजळी ब्रशने काढतो, नवा कापूस घालतो. एक हिशेब मात्र वहीत नव्हता. नवी कॉईल झाली की 'कशी झालीय बघू' म्हणून दहा झुरके, कापूस बदलला की आणखी दहा. सिगारेट सोडण्यासाठी आणलेल्या वस्तूवर त्या महिन्यात मी पूर्वीपेक्षा जास्त निकोटीन ओढलं. म्हणून बिननिकोटीनच्या लिक्विडची एक बाटली वेगळी ठेवलीय, झाकणावर मार्करने लिहून: फक्त टेस्टिंग.